टँडेम मागच्या सीटवरून निवडा

दोघांनी मिळून चालवायची टँडेम सायकल घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला चौघे पुढे येतात आणि चौघांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच असतं. हलकी घ्या. जास्त गिअरची घ्या. डिस्क ब्रेकचीच घ्या. आणि पुढे तगडा माणूस बसवा, मग मागे कोणीही चालतो. या चारांतलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण पहिली तीन त्याच्याच पोटातून आलेली आहेत. मागे ‘कोणीही’ चालतो असं एकदा मानलं की सायकलीचा विचार करताना डोळ्यांसमोर फक्त पुढचा माणूस उरतो. त्याला हलकी हवी, त्याला गिअर हवेत, त्याला मिरवायला डिस्क हवी.

मागच्या माणसाची स्थिती काय असते? त्याला रस्ता दिसत नाही, समोर पाठ असते. त्याच्या हातातलं हँडल वळत नाही, कारण ते पुढच्याच्या सीटखालच्या दांड्यावर घट्ट बसवलेलं असतं. त्याच्याकडे ब्रेक नसतो, गिअर नसतो. खड्डा येतोय हे त्याला खड्ड्यात गेल्यावर कळतं. पुढचा पायडल मारायला लागला की चेन त्याचेही पाय फिरवते. त्याला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. इतकं सगळं एका माणसाने दुसऱ्याच्या हवाली केलेलं असताना सायकलीचा प्रत्येक भाग त्या माणसाच्या बाजूने तपासायचा नाही, तर कुणाच्या?

आपल्याकडे हा घोळ होण्यामागे डबलसीटची सवय आहे. कॅरिअरवर बसलेला माणूस हे आपल्या लेखी सामान असतं. त्याने गप्प बसावं आणि पाय चाकात घालू नयेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. टँडेमवर मागचा माणूस निम्मं काम करतो. त्याला डबलसीटच्या हिशेबात बसवणं ही पहिली चूक, आणि तिच्यावरच पुढचा सगळा सल्ला उभा आहे. दुसरीकडे टँडेम म्हणजे सहलीचं खेळणं, ही समजूत आहे. कोडाईकनालच्या तळ्याभोवती भाड्याने मिळणाऱ्या जोडसायकलींनी ती पक्की केली. तिथला रस्ता तळ्याला वळसा घालून मूळ जागी येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सायकल परत जाते. त्या सायकलीला काहीही चालतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चालत नाही.

जिल्ह्याची रचनाच बघा. आपण सहज बोलून जातो: घाटावर आणि घाटाखाली. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, म्हणजे पूर्णेचं सपाट खोरं. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटरवर, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मधला फरक पावणेचारशे-चारशे मीटरचा, आणि मलकापूरकडे जाताना त्यातला मोठा हिस्सा राजूर घाटात उतरावा लागतो. खामगावकडे जायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा घाट. वरच्या अंगाच्या माणसाला रेल्वे गाठायची असो की शेगावचं दर्शन घ्यायचं असो, उतारावाचून सुटका नाही. म्हणून या जिल्ह्यात टँडेमची निवड ब्रेकपासून सुरू होते. वजन, गिअर आणि रंग त्यानंतर.

आता हिशेब मांडतो, कारण ‘आम्ही उतरलोय, काही होत नाही’ असं म्हणणारे भेटतातच. दोन माणसं १३० किलो, सायकल २० किलो, पाणी-सामान १० किलो, एकूण १६०. हे वजन १०० मीटर खाली आलं की १ लाख ५७ हजार जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी उकळीला येतं. एकट्या सायकलस्वाराच्या बाबतीत हा आकडा जवळपास निम्मा असतो, पण ब्रेक तेवढेच, दोन. वारा काही ऊर्जा खातो, हे खरं. मात्र वारा खातो तो वेगात. घाटातल्या वळणांवर, समोरून ट्रक येत असताना वेग धरून ठेवायचा तर बहुतेक सगळी उष्णता ब्रेकवरच येते. त्यात टँडेमला सपाटीवर जो फायदा मिळतो, तोच इथे उलटतो: वजन दोघांचं, पण वाऱ्याला आडवं येणारं अंग साधारण दीड माणसाचंही नाही. त्यामुळे उतारावर ती एकट्याच्या सायकलीपेक्षा फार लवकर वेग घेते.

रिमवर दाबणारे ब्रेक, म्हणजे व्ही-ब्रेक, सतत दाबून धरले की रिम तापते. रिम तापली की ट्यूबमधली हवा फुगते आणि त्याआधी पंक्चरचं जुनं ठिगळ सुटतं, कारण त्याचा डिंक उष्णतेने मऊ पडतो. आपल्या भागात बाभळीच्या काट्यांच्या कृपेने ठिगळ नसलेली ट्यूब शोधावी लागेल. पुढच्या चाकाची हवा वळणावर गेली तर सायकल आवरणं पुढच्याच्याही हातात राहत नाही. मागच्याला तर काय झालं हे पडल्यावरच कळेल.

‘म्हणूनच डिस्क घ्या म्हणतो ना!’ हे उत्तर तयार असतं. हरकत डिस्कला नाही, दुकानात दिसणाऱ्या डिस्कला आहे. स्वस्त सायकलींवरची चकती १६० मिलिमीटरची असते आणि ती एका माणसाच्या हिशेबाने बनवलेली असते. टँडेमला २०३ मिलिमीटरची चकती लागते, निदान मागे तरी. हायड्रॉलिक पद्धतीत तेल असतं. साध्या दर्जाच्या जोडीत ते लांब उतारावर इतकं तापू शकतं की लिव्हर दाबली तर ती थेट हँडलला टेकते. तारेवर चालणारी डिस्क दिसायला जुनाट, तिचे पॅड झिजले की स्क्रू फिरवून जवळ घ्यावे लागतात, पण तिच्यात उकळणारं काही नाही आणि ती कोणत्याही तालुक्यातल्या मिस्त्रीला कळते. माझी पसंती स्पष्ट आहे: पुढे-मागे दमदार व्ही-ब्रेक आणि मागच्या चाकाला तिसरा ब्रेक म्हणून मोठ्या चकतीची, तारेवरची डिस्क. तिसऱ्या ब्रेकने वेग धरून ठेवायचा आणि पहिल्या दोन्हींनी, आळीपाळीने, थांबायचं.

हा तिसरा ब्रेक मागच्याच्या हातात द्यावा, असं मी म्हणतो तेव्हा सगळ्यात जास्त विरोध होतो. एका गाडीला दोन ड्रायव्हर कसे चालतील? प्रश्न योग्य आहे. पण हा ब्रेक थांबण्याचा नाही, वेग आवळण्याचा आहे. पुढचा ‘धर’ म्हणाला की धरायचा, ‘सोड’ म्हणाला की सोडायचा. पुढच्याची दोन बोटं दोन लिव्हरवर असतात आणि लक्ष रस्त्यावर असतं; तिसरं काम त्याला जड जातं. मागच्याचे दोन्ही हात रिकामे असतात. परदेशात टँडेमवर जे ड्रमचे तिसरे ब्रेक चालत, त्यांची लिव्हर अनेक जोड्या मागच्याकडेच देत असत. आणि उतारावर नुसतं बसून भिण्यापेक्षा हातात काही असलेला माणूस शांत बसतो, डुलत नाही. त्याच्या डुलण्यानेही सायकल हलते, हे पुढे बसणाऱ्याला विचारा.

हलकेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना एकच विचारायचं आहे: दोन किलो कुठून कमी झाले? ते बहुधा चाकातून कमी होतात, आणि मागचा माणूस बसतो तो मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर. एरवी चाळीस-पन्नास किलो पेलणारं हे चाक इथे ऐंशी-नव्वद पेलतं, शिवाय खड्ड्याचा दणका त्याला पूर्ण बसतो. एकटा माणूस खड्ड्यावर सीटवरून उठतो. टँडेमवर मागच्याला उठायची सूचना मिळेपर्यंत खड्डा मागे गेलेला असतो. २८ आऱ्यांचं चकचकीत चाक या वजनाखाली आधी आऊट होतं, मग आरे तुटू लागतात. एक तुटला की शेजारच्यांवर भार येतो आणि दोन दिवसांत दुसरा. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला मागे ४० आरे होते, पुढे ३२. दुधाचे कॅन, गव्हाचं पोतं आणि वर एक माणूस, हा भार ज्यांनी वाहिला त्यांनी हलकेपणाची चर्चा केली नाही.

म्हणून ती काळी सायकलच जोडून घ्यावी का? तसा सल्लाही मिळतो: दोन जुन्या सायकली आणा, फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, एकीची पाठ दुसरीच्या पोटाला जोडा. याला मी सरसकट नाही म्हणत नाही. खामगाव ते शेगाव हा सोळा-सतरा किलोमीटरचा, सपाट रस्ता. पंढरपूरहून परतणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीबरोबर लोक तो पायी चालतात. तिथे अशी जोडसायकल निभावून जाईल. पण घाटात नको, आणि कारण फ्रेमच्या ताकदीपुरतं नाही. लांब फ्रेम पिळवटते. दोघांची पायडलं एकाच वेळी खाली जातात तेव्हा ती नागमोडी चालते. एका माणसासाठी केलेला पुढचा चिमटा दोघांच्या वजनाचा ब्रेकचा ताण घेतो, आणि चिमटा तुटण्याआधी सांगत नाही. दांडीचे ब्रेक आणि गुळगुळीत पोलादी रिम पावसात किती धरतात हे ज्याने ती चालवली आहे त्याला ठाऊक आहे. काळ्या सायकलीतून घ्यायचं ते दोनच: आऱ्यांची संख्या आणि मागच्यासाठी स्प्रिंगची कातडी सीट. हो, तीच. मागच्याला बसणारे सगळे दणके आधी तीच घेते, आणि दबणाऱ्या सीटपोस्टपेक्षा ती स्वस्त पडते.

दुसऱ्या टोकाला परदेशी वाचन केलेले लोक आहेत. त्यांना खास टँडेमचं, १४५ नाहीतर १६० मिलिमीटर रुंदीचं हब हवं असतं. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. हब रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या आऱ्यांवर ताण सारखा येतो आणि चाक मजबूत होतं. पण मेहकरजवळ ॲक्सल वाकला, तर तसा ॲक्सल कुठून आणणार? त्याऐवजी २६ इंची, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिम घ्या, ३६ भोकांची, मिळाली तर ४०. हब १३५ मिलिमीटरचं, म्हणजे रेंजर सायकलीला लागतं तेच. चाक लहान म्हणून आरे आखूड, आरे आखूड म्हणून चाक ताठ. टायर दोन इंच रुंद. तो जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जाऊ द्या, नाहीतर जुलैमध्ये शेतरस्त्यावरची काळी माती तिथे बसेल आणि चाक फिरणं बंद होईल. एक गोष्ट मात्र हट्टाने मागा: मागे आट्यांवर बसणारं फ्रीव्हील नको, कॅसेटचं हब हवं. आट्यांच्या फ्रीव्हीलमध्ये ॲक्सलचं उजवं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं आणि दुप्पट वजनाखाली वाकतं. शिवाय दोघांच्या जोराने ते असं आवळतं की पुढे काढताना मिस्त्री आपल्याला शिव्या घालतो.

गिअरच्या संख्येबद्दल फार बोलायची गरज नाही. २१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, एवढंच. घाट चढायला त्यातला सगळ्यात हलका एकच कामी येतो. पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठीही २८ दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एक फेरा होतो. राजूर घाटात ताशी सात किलोमीटरने चढताना मिनिटाला पंचावन्नेक फेरे पडतील. गुडघे कुरकुरणार, आणि टँडेमवर उभं राहून चढणं दोघांचं जमल्याशिवाय शक्य नाही. पुढे २४, मागे ३४ असेल तर तेच फेरे ऐंशीच्या घरात जातात आणि दोघे बोलत चढतात. म्हणजे दुकानदाराला गिअर किती हे विचारू नका. मागची सर्वांत मोठी चकती हाताने फिरवून तिचे दाते मोजा.

दोन्ही पायडलं जोडणाऱ्या चेनबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जाणकारही आपल्या भागाचा विचार करत नाहीत. चांगल्या टँडेमवर ही चेन डाव्या बाजूला असते. त्यासाठी पुढच्या जोडीत डाव्या बाजूला चकती असलेला क्रँक लागतो, आणि तो साध्या सायकलीवरून काढून लावता येत नाही: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजवा क्रँक डावीकडे बसवला तर पायडल चालता चालता सुटत जातं. तो क्रँक बिघडला की पुण्या-मुंबईत शोधत फिरा. दुसरी पद्धत आहे, दोन्ही चेन उजवीकडेच ठेवायची. मागच्या क्रँकवरच्या तीनपैकी बाहेरची चकती पुढच्याशी जोडलेली, आतल्या दोन मागच्या चाकासाठी. एक गिअरचा पल्ला कमी होतो, बेअरिंगवर ताण थोडा वाढतो. पण सगळे भाग साधे, खामगाव किंवा चिखलीच्या बाजारात मिळणारे. शौकिनांच्या सभेत ही पद्धत हलकी समजली जाते. समजू द्या. दोघांच्या पायडलांवरच्या चकत्या एकाच दात्यांच्या आहेत आणि दोघांचे क्रँक एकाच वेळी खाली येतात, एवढं पाहा. काही जोड्या क्रँक काटकोनात ठेवतात, त्याने जोर अखंड लागतो म्हणे. पण नव्या जोडीला उठता-बसताना त्याचा गोंधळच जास्त होतो. चेन सैल पडली तर ताणायची सोय पुढच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये असते. ती दुकानातच एकदा सैल करून, परत आवळून दाखवायला सांगा.

आणि बसून बघा. पुढे नव्हे, मागे. स्वस्त टँडेममध्ये दोन सीटांमधलं अंतर कमी ठेवतात, म्हणजे सायकल आखूड दिसते आणि नळी वाचते. मागच्याचं नाक पुढच्याच्या पाठीला लागतं आणि हात कोपरात दुमडून राहतात. ७० सेंटिमीटरच्या आसपास अंतर असलं तर मोठा माणूस नीट बसतो. पुढच्याची उंची जमवायला दुकानदार तयारच असतो. मागच्याची उंची, त्याच्या हँडलचा पुढे-मागे होणारा दांडा, त्याच्या पायडलला जमिनीपासून उरणारी जागा हे आपणच पाहायचं.

‘एवढी उठाठेव करण्यापेक्षा दोन सायकली घ्या ना.’ हा सल्ला सगळ्यात शहाणा वाटतो, आणि ज्या दोघांना डोळे आहेत, दम सारखा आहे, त्यांच्यापुरता तो बरोबरही आहे. पण टँडेम मुळात त्यांच्यासाठी नाहीच. ऑलिम्पिकमधली टँडेमची शर्यत १९७२च्या म्युनिकनंतर बंद झाली. पॅरालिम्पिकमध्ये टँडेम आजही पळते, पुढे डोळस, मागे दृष्टिहीन खेळाडू. म्हणजे जगाने टँडेमचं खरं प्रयोजन मागच्या सीटवर शोधलं आणि तिथेच ठेवलं. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी ग्लॉकोमामुळे तरुणपणी गेली. त्यांनी २०१४मध्ये ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ उभं केलं आणि २०१६मध्ये टँडेमवरून मनाली ते खारदुंग ला हा प्रवास केला. त्यांच्या संस्थेच्या मोहिमांत डोळस आणि दृष्टिहीन माणसं एकाच सायकलीवर जोडीने जातात. ज्याला मागे ‘कोणीही’ म्हणायचंय त्याने हे नाव लक्षात ठेवावं.

बुलडाण्यात किंवा मलकापुरात ज्याला दिसत नाही त्याला ‘दोन सायकली घ्या’ सांगून काय होणार? त्याला मागे बसवायचं असेल तर सायकलीइतकंच तोंडाचं काम आहे. ‘खड्डा’, ‘उतार’, ‘गिअर’, ‘धर’, ‘सोड’, ‘मार’ हे शब्द आधी ठरवून घ्यावेत आणि पुढच्याने न कंटाळता म्हणावेत. निघताना पुढचा दोन्ही पाय फाकून सायकल धरतो, मागचा बसून पायडलवर पाय ठेवतो, मग दोघे निघतात. थांबतानाही पुढचाच पाय टेकतो. यासाठी पुढच्याला सायकल पेलता आली पाहिजे, एवढ्यापुरताच तो ‘तगडा’ हवा. तो ताकदीने नव्हे, सांगण्याने चांगला ठरतो, आणि हे मागच्यालाच विचारून कळतं.

शेवटचा आक्षेप मोटारीचा. मागच्या चाकात मोटार बसवा, चढ गेला, वाद संपला. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत थांबणारी मोटार असेल तर नोंदणी लागत नाही, हे खरं. पण माझा वाद चढाशी नव्हताच. मोटार आणि बॅटरी मिळून सात-आठ किलो मागच्याच चाकाच्या आसपास वाढतात, आणि उतारावर ते वजन पुन्हा ब्रेकच्या खात्यात जमा होतं. मोटारीच्या हबला बहुधा ३६च आरे बसतात आणि कॅसेट बसेलच असं नाही. घालायचीच असेल तर ती पुढच्या चाकात किंवा मधल्या बॉटम ब्रॅकेटला लागेल अशी बघा, आणि ब्रेकवर हात टाकताच मोटार बंद करणारी तार तिन्ही लिव्हरना जोडून घ्या, मागच्याच्याही.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणणाऱ्यांचं मात्र निम्मं खरं आहे. मागच्या ब्रेकला आणि गिअरला साधी दोन मीटरची तार पुरत नाही. टँडेम लांबीच्या तारा सायकलीबरोबरच, दुकानातून निघण्याआधी घ्या, दोन-दोन. चेनच्या दोन जुळणाऱ्या कड्या, मागच्या चाकाच्या मापाचे सहा आरे, ॲक्सल एक, चकतीच्या ब्रेकचे पॅड. बाकीचं सगळं, वर सांगितलं तसं निवडलं असेल तर, जळंबसारख्या लहान गावच्या मिस्त्रीकडेही होतं.